देवाचं ओगराळं

आमच्या घरात प्रत्येक खोलीत भिंतीवर घड्याळ आहे, आणि त्यातलं एकही आम्ही विकत घेतलेलं नाही.

एक खताच्या दुकानाच्या उद्घाटनात मिळालं, एक पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला, आणि न्हाणीघरातलं ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये. (ट्रॅक्टर मला घ्यायचा नव्हता. आमचं वावर एवढंसं, की ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावरून वळवावा लागेल.) सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात. पण फुकटच्या घड्याळाकडून माणसानं किती अपेक्षा ठेवावी, यालाही काही मर्यादा आहे.

राहायला मी निरगुडसरला, नोकरी मंचरच्या एका दूध डेअरीत. पण माझा खरा लौकिक आहे तो स्वस्ताईतला. आठवडे बाजार उठता उठता गाठावा, बायका टोपली झटकायला लागल्या की मेथीच्या दोन जुड्यांवर तिसरी न मागता पडते, हे आमच्या गल्लीला मी शिकवलं. कुठल्या गावाला कधी यात्रा, कुठं कुस्त्या, कुठं भंडाऱ्याचं जेवण, हे लोक मला फोन करून विचारतात. बायको सुनंदा म्हणते, "फुकटच्या मागं फिरून यांच्या चपला झिजतात, त्या मात्र विकत आणाव्या लागतात." तिला मोठं चित्र दिसत नाही.

तर गेल्या चैत्रात माझी धाकटी बहीण कल्पना आणि तिचे यजमान ठाण्याहून आले. दाजी एका मोठ्या कंपनीत साहेब आहेत. माणूस फार सज्जन, पण खर्चाची खोड. चहा संपायच्या आत त्यांनी मोबाईल पुढं केला. कुठलंसं रिसॉर्ट होतं. पोहायचा तलाव, जेवण, संध्याकाळी शेकोटी.

"उद्या सगळे जाऊ या. माझ्याकडून," दाजी म्हणाले.

सुनंदाचा चेहरा असा उजळला, की मला लगेच धोका कळला. पाहुण्यानं यजमानाला पोसायचं, आणि तेही जावयानं? आमच्या घराण्यात हे झालं नव्हतं. आणि मी पैसे भरायचे, हे तर मुळीच झालं नव्हतं.

"दाजी, ठेवा तो मोबाईल," मी म्हणालो. "पोहायचं पाणी, जेवण, करमणूक, सगळं दाखवतो. रुपया लागणार नाही."

"अहो, जावयाला यात्रंच्या पंगतीत बसवणार का?" सुनंदानं आत बोलावून विचारलं.

"पंगत नाही, प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणायचं असतं का?"

दुसऱ्या दिवशी दाजींच्या गाडीतून निघालो. (पेट्रोल दाजींचं. रुपया लागणार नाही म्हणालो होतो ते माझ्यापुरतं.) आधी येडगावच्या धरणाकाठी गेलो. पाणी निळंशार, वारा गार, पाण्यावर पक्षी. दाजी पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि लहान पोरासारखे हसले. कल्पना म्हणाली, "दादा, हे मस्त आहे हं." मी सुनंदाकडं पाहिलं. ती पक्ष्यांकडं पाहत होती.

तिथून पुढं यात्रेचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला पुन्हा जायचं असतं. गावात शिरलो आणि आमटीचा वास आला. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या आमटीचं वर्णन करू नये, ती खावी. देवळामागं लांबच्या लांब चर खणून त्यावर आमटीच्या काहिली, म्हणजे मोठाल्या कढया, चढवल्या होत्या, आणि घराघरांतून आलेल्या बाजरीच्या भाकरींचा ढीग माणसाच्या कमरेएवढा.

जेवायला वेळ होता. देवळापुढं लिलाव चालला होता. देवाला आलेल्या वस्तूंची बोली लावतात, पैसा देवळाला जातो. एक नारळ गेला, त्याला इतकी चढाओढ, की तेवढ्या पैशात नारळाचं झाड आलं असतं. मग साड्या गेल्या. कोंबडा गेला. मग माईक धरलेल्या पंचानं पितळेचं एक ओगराळं वर धरलं. ओगराळं म्हणजे पंगतीत आमटी वाढायचा लांब दांड्याचा वाडगा. हे तर चांगलं हातभर लांब, जुनं, वजनदार, दांड्यावर वेलबुट्टी.

कल्पना माझ्या कानाशी लागली. "दादा, असल्या जुन्या पितळी वस्तू आमच्याकडं काचेच्या कपाटात ठेवून विकतात. किमती ऐकशील तर चक्कर येईल."

मला किंमत न ऐकताच यायला लागली.

"बोला मंडळी, देवाचं ओगराळं," पंच म्हणाला. "कोण घेतंय?"

कोणी बोलेना. नारळासाठी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं एकाएकी चपला शोधायला लागली. एक जण आभाळाकडं बघू लागला. माझ्या मनात आलं, यांना वस्तूची पारख नाही. मी सगळ्यात लहान आकडा पुकारला. (आकडा इथं लिहीत नाही. सुनंदा हे वाचणार आहे.)

सगळं गाव वळून माझ्याकडं बघू लागलं. त्या नजरेत जे होतं ते कौतुक आहे, असं मी धरून चाललो.

"पावणं, नक्की का?" पंचानं माईक बाजूला धरून विचारलं.

"नक्की म्हंजे? एकदा बोललो ते बोललो."

त्यानं एक वार, दोन वार, तीन वार इतक्या घाईनं म्हटलं, की मधे श्वास घेतला नाही. ताशा कडाडला. कोणी माझ्या डोक्याला फेटा बांधला, कोणी कपाळाला भंडारा फासला, दोघांनी मला उचललंच. फेटा फुकट, वाजंत्री फुकट. मी वरून दाजींना हात केला. दाजी फोटो काढत होते.

मला खाली उतरवलं ते थेट काहिलीपाशी. तिथं आमटीचे मुख्य आचारी तात्या बसले होते, अंगात बंडी, खांद्यावर पंचा. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"वाढलंय का याआधी कधी?"

"काय?"

"आमटी. ज्यानं ओगराळं घेतलं, त्यानं पंगतीला वाढायचं. पहिल्या पंगतीपासनं शेवटच्या पंगतीपातूर. आन् त्याच्या घरच्यांनी भाकरी वाढायची. समदं गाव उठल्याबिगर मानकऱ्यानं जेवायचं नाय. लई मान असतो त्याला."

मग मला कळलं, लोक चपला का शोधत होते. त्यातल्या बहुतेकांनी एकेका वर्षी हा मान घेतलेला होता.

"तात्या, आमी पावणं हाय हो. बाहेरगावचं."

"देवाला बाहेरगाव नसतं," तात्या म्हणाले, आणि माझ्या हातात बादली दिली.

मागं वळून पाहिलं तर सुनंदा पदर खोचून भाकरींच्या ढिगापाशी पोचली होती. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. कल्पनाला एका मावशीनं टोपली दिली होती. आता प्रश्न दाजींचा. मी तात्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "ते आमचे जावई हायेत. त्यांना काम लावता येणार नाही. त्यांना पहिल्या पंगतीत बसवा."

"मी येतो की वाढायला," दाजी मागून म्हणाले. त्यांनी बाह्या दुमडलेल्या होत्या. ऑफिसात त्यांना कोणी काम देत नसावं, इतका त्यांना आनंद झाला होता.

पहिली पंगत बसली. देवळापासून पार वेशीपर्यंत दोन रांगा, मधे मी. एका हातात बादली, दुसऱ्यात ओगराळं. पहिल्याच आजोबांनी भाकरी कुस्करून मधे आळं केलं होतं. मी त्यात आमटी घातली. आजोबांनी आळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाऊ, हे काय? तीर्थ देताय व्हय?"

माझा इलाज नव्हता. आयुष्यभर जो हात घ्यायला सरावलेला, तो द्यायला उलटा वळत नव्हता. ओगराळं बादलीतून भरून निघायचं आणि पत्रावळीपर्यंत येता येता मनगट आपोआप तिरपं व्हायचं. अर्धी आमटी परत बादलीत.

"वरचं पाणी नको, तळातनं घाला," एक बाई म्हणाली.

"ह्यो कुठला मानकरी म्हणायचा?" दुसरी म्हणाली. "घरनं आमटी आणल्यावाणी वाढतोय."

तोवर पलीकडच्या रांगेत दाजींचा जयजयकार चालला होता. त्यांना दुसरी बादली आणि साधा डाव मिळाला होता, आणि ते प्रत्येकाला नमस्कार करून, "अजून घ्या, लाजू नका," करत चालले होते. साहेब माणूस हातानं वाढतोय म्हटल्यावर लोक पोट भरलं तरी घेत होते. माझ्या रांगेतली चारदोन माणसं पत्रावळी उचलून त्यांच्या रांगेत जाऊन बसली.

तात्या माझ्यामागं येऊन उभे राहिले. "हात सैल सोडा राव," ते हळूच म्हणाले. "तुमच्या घरचं काय जातंय?"

हे मात्र मला पटलं. खरंच, माझं काय जात होतं? दुसऱ्या पंगतीला मी हात असा सैल सोडला, की आळी फुटायला लागली. आमटी पत्रावळीतून पळायची आणि लोक भाकरीचे बांध घालून ती अडवायचे. "बास, बास," म्हणणाऱ्याला मी दुप्पट वाढत होतो. एका पाटलांचं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं केलं. ते म्हणाले, "असू द्या, यात्रा हाय." मला पहिल्यांदाच कळलं, दुसऱ्याला भरभरून देण्यात फार मजा असते. विशेषतः दुसऱ्याच्या मालातून.

असा मी वाढत सुटलो आणि शेवटच्या पंगतीच्या तोंडावर बादली शेवटच्या काहिलीत घातली तर तळ खणकन वाजला.

शेवटची पंगत तर समोर बसलेली. त्यात राबलेली सगळी माणसं होती: चर खणणारे, पाणी आणणारे, ताशेवाले, लांबून आलेले मेंढपाळ. सकाळपासून उपाशी. मी रिकामी बादली घेऊन उभा. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती कुठल्याच यात्रेत वाटली नव्हती. देवाच्या दारी आमटी कमी पडली, आणि ती एका फुकट्यामुळं. मी फेटा काढून हातात घेतला आणि तात्यांकडं गेलो.

"तात्या, आमटी संपली. माझ्या हातनं संपली."

सुनंदाही जवळ येऊन उभी राहिली. माझा चेहरा पाहून तिनं भाकरीच्या पिठानं भरलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. एवढा वाईट दिसत असणार मी.

तात्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. शांतपणे देवळाच्या पडवीत गेले आणि पोती सारली. पोत्यांखाली एक अख्खी काहील झाकून ठेवलेली होती. वाफ निघत होती.

"दरसाल मानकरी नवा असतो," तात्या म्हणाले. "आधी हात आखडतो, मग उधळतो. आमाला ठाव हाय. तुमी फेटा बांधा."

ती पंगत मी नीट वाढली. ना कमी, ना जास्त. आणि मग सगळं गाव उठल्यावर आम्ही चौघं तात्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो. आम्हाला तात्यांनी स्वतः वाढलं. गार भाकरी, कढत आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा. दाजींच्या कपाळावरून घाम टपटप आळ्यात पडत होता. कल्पना बोटं चाटत होती. सुनंदानं चौथ्यांदा आमटी मागून घेतली आणि म्हणाली, "चांगला गेला दिवस." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या सहलीला हे सर्टिफिकेट मिळालं नव्हतं.

निघताना मी ओगराळं स्वच्छ घासलं, पुसलं, फेट्यात गुंडाळलं आणि गाडीच्या डिकीकडं निघालो. तात्यांनी हाक मारली.

"कुठं चाललात घेऊन?"

"घरी. बोली लावून घेतलंय की."

"ते देवाचं हाय, पावणं. घ्यायचं नसतं. दिसभर धरायचं असतं. उद्या पडवीत टांगून ठेवायचं." आणि माझं तोंड पाहून त्यांना दया आली. "फेटा घेऊन जावा."

म्हणजे दिवसभर उन्हात बादली वाहण्याची परवानगी मी रोख पैसे देऊन विकत घेतली होती. गाडीत दाजी इतके हसले, की त्यांना गाडी बाजूला थांबवावी लागली. सुनंदा तर नारायणगाव मागं पडलं तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा हात खांद्यातून वर जाईना. शर्ट मला सुनंदानं घातला. मंचरच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी हात वरखाली करून पाहिला. मी कळवळलो.

"काय उचललंत एवढं?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. ते त्याच गावचे निघाले. म्हणाले, "अहो, मग बोलला नाहीत आधी. आमच्या देवाच्या मानकऱ्याकडनं मी फी घेत नसतो." आणि त्यांनी दुखऱ्या दंडात एक भलंमोठं इंजेक्शन टोचलं. डोळ्यापुढं काजवे चमकले. पण ते फुकट होतं, हे डोक्यातून जाईना.

मी बाही खाली केली, थोडा घुटमळलो, आणि डावा हात पुढं करून विचारलं, "डॉक्टर, बादली या हातात होती. यातपण एक देऊन टाकता का?"