दादाचा काढा आणि आमचा ग्रुप

दादाला जाऊन आता वर्ष होत आलं. न्यूमोनियाचं निमित्त झालं. मी अजून आमच्या कुटुंबाच्या मोबाइल ग्रुपवर मागे मागे जात त्याचे जुने मेसेज वाचत बसते. निम्म्याहून अधिक खोटे आहेत. तरी एकही पुसवत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर सोलापूरजवळच्या होटगीतच राहिला. मी सोलापुरात शिकवते. मोबाइलवरून पसरणारी खोटी माहिती आणि तिच्यापायी माणसांचं काय होतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्याला याचं भारी कौतुक. पाहुण्यांना सांगायचा, "आमची बहीण अफवांची डॉक्टर हाय." आणि मग त्याच पाहुण्यांना एखादी ताजी अफवा पाठवायचा.

एकदा त्याच्याकडे कसल्याशा पाल्याच्या काढ्याचा मेसेज आला. महिनाभर घ्या, शुगरच्या गोळ्या कायमच्या सुटतील. दादानं तो ग्रुपवर टाकला आणि स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. वहिनीचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. "वन्सं, शुगर लई वाढलीय. काल चक्कर येऊन हे मोरीतच बसले. तुमचं तरी ऐकतील."

मी फोनवर समजावलं, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. दादा शांतपणे म्हणाला, "अगं, ग्रुपवर सगळ्यांना पटलंय की. एक तरी कुणी न्हाय म्हणालं का?"

कुणी म्हणणारच नव्हतं. आमच्याकडे थोरल्या माणसाचं म्हणणं चारचौघांत खोडत नाहीत. पुतणे, भाचे, जावई, सगळे हात जोडल्याचं चित्र टाकून आपापल्या कामाला लागले होते. एक पुतण्या तर औषधांच्या दुकानात कामाला आहे. लोक खोट्यावर विश्वास का ठेवतात, हे मी कितीतरी मुलाखतींत विचारलं होतं. भोवतालची माणसं गप्प का बसतात, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'दादा, हे खोटं आहे. गोळ्या सुरू कर.' एवढं लिहायला मला फार वेळ लागला. त्यावर कुणाचं उत्तर नाही. दादाचंही नाही.

दुसऱ्या दिवशी होटगीला गेले. तो ओट्यावर पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "आलीस? सगळ्यांपुढं भावाचं नाक कापून?"

"कापलं. गोळी घेतलीस का?"

"मग बाकीच्यांनी हात का जोडले?"

"तू मोठा आहेस म्हणून, दादा. पटलं म्हणून नाही."

त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग मोबाइल काढून त्यानं एका बोटानं लिहिलं आणि मला दाखवून पाठवलं : 'ज्याला काढा पटला नसेल त्यानं खरं सांगावं. मी रागावणार नाही.'

आधी दुकानातल्या पुतण्याचं उत्तर आलं. 'काका, नाही पटला.' मग एका भाच्याचं. मग एका जावयाचं, बिचकत, माफीसकट. दादा एकेक मोठ्यानं वाचत होता आणि हसत होता. "बघ की, सगळेच लबाड! मान ठेवून ठेवून मला मारायला निघाले होते व्हय?"

वहिनी आतून गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं गोळी घेतली, पण माझ्याकडे न बघता.

"हिच्यामुळं न्हाय," तो वहिनीला म्हणाला, "बहुमत हाय म्हणून."