डावी बाजू कोरडी

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, पण घोड्याचं मला कोणी शिकवायला येऊ नये.

पारोळ्याच्या एका शेठच्या घरचा प्रत्येक नवरदेव आमच्याच घोडीवर बसायचा. शेठ स्वतःही आमच्याच घोडीवर बसला होता. या वेळी त्याच्या नातवाचं लग्न. घोडी दारात दोन पायांवर नाचेल, असा शब्द मी शेठला दिला होता.

लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मुलाने घोडी शेतातल्या मोकळ्या तुकड्यात दौडवून आणली. खोगीर उतरवलं की आमची मंडळी लगेच बादलीभर पाणी ओतून अंग पुसतात. तेवढंच मला चालत नाही. घाम धुतला तर बघायचं काय? मी ओरडलो तेव्हा मुलगा बादली ठेवून थांबला.

मी घोडीच्या अंगावरून हात फिरवला. घाम पाण्यासारखा पातळ, फेस नाही. म्हणजे दम चांगला होता. आळशी घोड्याचा घाम साबणासारखा चिकट येतो. पण कमरेपासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत उजवी बाजू ओलीचिंब आणि डावी कोरडी. जो स्नायू काम करतो तो भिजतो. मागचा डावा पाय घोडी राखून टाकत होती. चालीत काही दिसत नव्हतं, म्हणूनच मी हात लावतो.

मुलगा म्हणाला, "आबा, त्या बाजूले वारा शे. वाळी गया घाम."

मी म्हटलं, "बरं. आता तोंड फिरवून दौडव. डाव्या बाजूला बांधावरच्या झाडांचा आडोसा ठेव."

त्याने नाक मुरडलं, पण दौडवली. परत आली तेव्हाही डावी बाजू कोरडीच. त्याने स्वतः हात फिरवून बघितलं. मग म्हणाला, "आते शेठले काय सांगसूत? शब्द तुमीच देयेल शे."

ते खरं होतं. दोन पायांवर उभी केली असती तर सगळा भार त्याच पायावर आला असता. त्या लचकेतून घोडी उठत नाही. आणि नाचणारी दुसरी घोडी जवळपास एकाच माणसाकडे होती, धुळ्यात. बाजारात त्याने मला 'हात फिरवणारा वैदू' म्हटलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. बायको म्हणाली, "जा की, काय तोंड झिजनार शे?" मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने धुळ्याला गेलो. तो अंगणात दात घासत होता. मला बघून म्हणाला, "आज सूर्य कोनीकडे उगना?"

मी म्हटलं, "मन्ही घोडी लंगडी होणार शे. उद्याले तुन्ही पाहिजे."

त्याने चूळ भरली.  आत जाऊन घोडीवर खोगीर घालून तिला घेऊन आला आणि लगाम माझ्या हातात दिला.

मी लगाम परत त्याच्याकडे दिला. म्हटलं, "आधी हिला दोन फेऱ्या दौडवून आण. अंगावर पाणी ओतू नको."