ठिपक्यांची ऐट

उत्तनच्या टेकडीवर बंगला बांधलेले ते पेन्शनर साहेब खाऱ्या वाऱ्यात सफरचंदं पिकवणार होते. एका झाडाच्या पानांवर पिवळे ठिपके दिसले, तर छडीनं पान उचलून म्हणाले, "बघा, जातिवंत आहे!"

शेजारचा वाडीवाला म्हणून मी म्हटलं, "रोग हाय तो, साहेब."

त्यांनी नाक मुरडलं आणि त्याच झाडाच्या काड्या कलमासाठी बाकीच्या सगळ्या धडधाकट झाडांच्या खुंटांवर बांधल्या. आधीचे पावसाळे त्या खुंटांनी मजेत काढले होते. आता पानोपानी ठिपके आले, रोग खाली उतरला आणि कलमानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजली. साहेबांनी माळ्याला हाकललं, पाणी जास्त घातलं म्हणून.

मग उरलेलं एक ठिपक्यांचं कलम घेऊन ते माझ्या चिकूच्या वाडीशी आले. "तुम्हाला भेट!"

मी फाटक ओढून घेतलं. "नको साहेब, आमची झाडं अजून जिती हायत."