न आलेल्या फरशीची बिलं

कालव्याच्या पुलापर्यंत वन्संचं सगळं तोंडपाठ होतं. त्यांचं पाठांतर चालतानाच होई, म्हणून दर रविवारी सकाळी पुस्तक धरून मी त्यांच्या मागे फरफटत जायची. हिशेबातलं मला ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न वाचायला कितीशी अक्कल लागते?

माझ्या या धाकट्या नणंदेला फरशीच्या दुकानात सगळे टाचणी म्हणत. अंगानं बारीक, आणि चूक दिसली की टोचणारच. लग्न केलं नाही. बावीस वर्षं त्या दुकानाचे हिशेब लिहिले आणि आता पन्नाशीला हिशेबाच्या कायद्याची परीक्षा द्यायला बसल्या होत्या. पास झाल्या की मुख्य हिशेबनीस, सगळ्या कागदांवर त्यांची सही. फी मालकांनीच भरली होती. मी त्यांना देवमाणूस समजत होते.

"काळा पैसा पांढरा कसा करतात?" मी वाचलं.

"आधी धंद्यात घुसवायचा. मग इतका फिरवायचा की कुठून आला ते दिसू नये. शेवटी कमाई म्हणून उजळ माथ्यानं बाहेर काढायचा."

"शाब्बास. उदाहरण द्या."

"समज, फरशीचं दुकान आहे. गोदामात चाळीस खोकी. बिलं मात्र ट्रक भरभरून विकल्याची. रोज संध्याकाळी रोकड बँकेत..."

त्या पुलाच्या मधोमध थांबल्या. मागचा सायकलवाला शिव्या घालत वळसा घेऊन गेला.

"पुस्तकात तर हॉटेलचं उदाहरण आहे," मी म्हटलं.

"पुस्तकवाला आमच्या दुकानात आला नसेल."

मग कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांनी स्वतः गोदामातली खोकी मोजली होती. बिलांशी मेळ बसेना, म्हणून मालकांना चिठ्ठी लिहिली. मालक रागावले नाहीत. त्याच दिवशी पगार वाढवला आणि म्हणाले, "गोदाम मी बघतो, तू बिलं बघ." तेव्हापासून, विक्री खरी दिसावी म्हणून, न आलेल्या मालाच्या खरेदीची बिलं वन्संच लिहीत होत्या.

"सोळा वर्षांत एका पैशाचा फरक नाही, वहिनी. चोरसुद्धा इतका नेटका नसतो."

त्या पगारवाढीतून आमच्या थोरलीची फी भरली गेली होती. मी देवाचे आभार मानले होते.

"तुम्ही सांगकाम्या," मी म्हणाले. "तुम्हाला काय ठाऊक? देव बघतो ना."

"देव बघत होता. मीही बघतच होते."

"मग नका देऊ परीक्षा! टाका पुस्तक कालव्यात."

"दुसरं कुणीतरी सही करेल. माल न येता येतच राहील." त्यांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "उद्या पोलिसांत तक्रार लिहून देतेय. आधी माझीच मान अडकेल."

मी मनातल्या मनात देवाचं नाम घेतलं, पण ते अर्ध्यात तुटलं.

"चौकशीला घरी येतील," वन्सं म्हणाल्या. "दादा माझ्यासाठी खोटं बोलेल, त्याला पुढे करू नकोस. तू बोल. बिचारी भोळी होती, असं मात्र म्हणू नकोस. सांग, पगार वाढला त्याच दिवशी तिला कळलं होतं. एवढं करशील?"