ठोकळेबाईंची पहिली चूक

इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळमजल्यावर काँक्रीटचे ठोकळे फोडायची प्रयोगशाळा आहे. तिथे सव्वीस वर्षं ज्यांनी ठोकळे ओतले, अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस पाण्यात भिजवले आणि मग यंत्राखाली घालून फोडले, त्यांना सगळं कॉलेज ठोकळेबाई म्हणतं. तोंडावरही म्हणतं. बाईंचा बांधा आडवा, चाल ठाम, त्यामुळे नावात काही खोट नाही असं त्या स्वतःच सांगतात.

शनिवारचा चहा ही बाईंचीच पद्धत. चार वाजता प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी जमायचं आणि आठवड्यात केलेली एक तरी चूक सांगायची. सांगितली की सुटका. ज्याच्याकडे चूक नसेल त्याने सगळ्यांचे कप घासायचे. आता कप घासायची हौस कुणाला? पोरं खोदून खोदून चुका काढायची. एकीने तर वजनकाट्यावर स्वतःचा डबा विसरून तासभर वाळू मोजली होती. सगळ्यांची हसून हसून पुरेवाट व्हायची आणि खरा आकडा वहीत जायचा. "लपवलेली चूक भिंतीत जाते," बाई म्हणायच्या, "आणि त्या भिंतीच्या आत माणसं झोपतात."

कप मात्र दर शनिवारी बाईच घासत. चूकच नाही तर सांगणार काय? या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता, तेही सांगून टाकलेलं बरं.

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं काम तेव्हा जोरात होतं. ती इतकी हळू बोलायची की सगळे तिला हळूबाई म्हणत. थोडं सिमेंट कमी करून त्या जागी भट्टीतली राख घालायची, असा तिचा प्रयोग. राखेचे ठोकळे साध्या ठोकळ्यांपेक्षा चक्क जास्त मजबूत निघाले होते. तिचे सर हवेत तरंगत होते. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा होता.

शुक्रवारी बाई फळी आवरायला बसल्या. फोडलेल्या ठोकळ्यांचे तुकडे महिनाभर जपून ठेवायचे आणि मग टाकायचे, हाही त्यांचाच नियम. हळूबाईच्या तुकड्यांचा महिना आजच भरला होता. त्यांनी एक तुकडा उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. राख घातलेलं काँक्रीट आतून काळपट दिसतं. इथे काळपट तुकड्यांवर 'साधा' लिहिलेलं होतं आणि 'राख' लिहिलेले तुकडे स्वच्छ करडे होते. मेणखडूचं अक्षर त्यांचंच होतं. वहीत ठोकळ्यांवर नावं घातल्याची तारीख पाहिली आणि सगळं लख्ख आठवलं. त्याच सकाळी लेकीच्या सासूबाईंचा फोन आला होता, "विहीणबाई, आजी झालात." बाई एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने नावं घालत होत्या.

नावांची अदलाबदल झाली होती. राख वरचढ नव्हती, कमी पडली होती. घमेलं पायाशीच होतं. तुकडे टाकायचा दिवस नियमाप्रमाणे आजचाच. झाकली मूठ सव्वा लाखाची, सहा आठवड्यांनी हारतुरे घेऊन घरी जायचं. बाईंनी घमेल्याकडे बघितलं आणि मग स्वतःलाच अशी एक शिवी हासडली की ती इथे लिहिता येत नाही. तुकडे त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शनिवारी चार वाजता तेच तुकडे टेबलावर मांडून त्या म्हणाल्या, "आज पहिली मी."

सगळं सांगून झालं. सरांचा चेहरा पार उतरला. त्यांनी एक तुकडा उलटसुलट करून पाहिला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत दिवस मोजले.

"नव्याने ओतू. निबंध थांबेल महिनाभर, थांबू दे," ते म्हणाले. "तुम्ही जायच्या आत फोडून होतील बाई."

आणि मग पोरांनी टाळ्या पिटल्या. सव्वीस वर्षांनी बाईंची सुटका झाली होती. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी एकदम तीन बिस्किटं खाल्ली.

हळूबाई मात्र हसत नव्हती. तिचाच निकाल उलटा झाला होता, वाईट वाटणारच, असं बाईंना वाटलं. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"पोरी, माफ कर मला."

"तसं नाही बाई." तिचा आवाज आज आणखीच खाली गेला होता. "फोडताना तुमची नजर यंत्राच्या आकड्यावर होती, तुकडे मी गोळा करत होते. रंग मला दिसला होता तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी चुकत नाही ना. म्हणून म्हटलं, माझेच डोळे चुकत असतील."

बाईंनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा मान मिरवला, तिनेच या पोरीचं तोंड बंद केलं होतं. आणि हिच्याआधी आणखी किती जणांचं केलं असेल, कोण जाणे. बाईंना मनापासून लाज वाटली आणि या पोरीचं तितकंच कौतुकही वाटलं.

"आणखी काय काय बघून गप्प बसलीस?" त्यांनी विचारलं.

हळूबाईने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि आपल्या वहीचं शेवटचं पान उघडलं.

"सात आहेत," ती म्हणाली. "तीन सरांच्या."

सरांना ठसका लागला. बाईंना हसू आवरेना. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"सरांच्या नंतर," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या चार सांग. आणि मोठ्याने सांग."