परसरामभाऊ चप्पल काढतो

माझा थोरला भाऊ परसराम वायरमन आहे. ‘होता’ म्हणणाऱ्यांशी मी भांडते. आसगावातल्या निम्म्या घरांची फिटिंग त्याच्या हातची, आणि लग्नाच्या मांडवात लाइट गेली की लोक नवरदेवाला सोडून त्याला शोधत. पण दोन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मोटार दुरुस्त करताना कुणीतरी न विचारता सप्लाय सुरू केला. भाऊ चिखलात अनवाणी उभा होता. करंटने त्याला शेताच्या कडेच्या धुऱ्यापलीकडे फेकलं.

तेव्हापासून त्याच्या घरात पंख्याचं बटन मंदावहिनी दाबते. त्याचा मोबाइलही तीच चार्जिंगला लावते. कुणी काम घेऊन आलं की याची तब्येत बरी नसते. मी दोन घरं सोडून राहते, रोज बघते आणि रोज चिडते. खरं तर मीही भ्यालेलीच होते. त्या दिवशी त्याला शेतातून उचलून आणताना मी पाहिलं होतं.

त्याची मुलगी गुंजन पवनीत एका फोटोवाल्याकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करते आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर गेम खेळते. या हिवाळ्यात तिने गेमिंग कॉम्प्युटर घरीच जोडायचं काढलं. तयार घेणं परवडत नव्हतं, म्हणून एकेक भाग जमवला. प्रोसेसर मधल्या किमतीचा, कॅबिनेट साधं पत्र्याचं, ग्राफिक्स कार्ड नागपूरहून आणलेलं जुनं, त्याला ना गॅरंटी ना वापसी. काही जळलं तर दुसरं आणायची सोय नव्हती. आणि हे सगळं पलंगावर मांडून पोरगी बापाला म्हणाली, "बाबा, तुम्हीच जोडून द्या. माह्याच्यानं स्क्रू पिळनं होत नाही."

साफ खोटं. ही पोरगी चालू रस्त्यात सायकलची चेन बसवते. पण तिचा डाव माझ्या लक्षात आला आणि मी गप्प बसले.

भाऊ नाही म्हणू शकला नाही. आला तो हातात रबरी मोजे, पायात रबरी चप्पल आणि काखेत जेवायचा पाट घेऊन. पाट जमिनीवर ठेवून त्यावर उभा राहिला. कॅबिनेटची पिन भिंतीच्या सॉकेटात लावलेली दिसली आणि त्याचा चेहरा उतरला. भिंतीवरचं बटन बंद होतं, तरीही.

"पिन काढ," तो म्हणाला. "आधी पिन काढ, गुंजन."

"नाही बाबा. पिनेतून अर्थिंग भेटते, म्हनून लावली. तुम्हीच ते मोजे काढा. चप्पल काढा, पाटावरून उतरा. अन् कोनताही भाग धराच्या आधी हात कॅबिनेटच्या पत्र्याले लावा."

वायरमनला याहून भयंकर काही सांगता येत नाही. पाय अनवाणी आणि हात उघडा, अशाच माणसाला करंट धरतो, हे तो आयुष्यभर दुसऱ्यांना बजावत आला होता. त्याच्या कपाळावर घाम आला. मंदावहिनी दारातून ओरडली, "काहून बापाले भेववून राहिली वो?"

"आई, थंडीत स्वेटर काढताना चटचट होते ना? ते वीज आंगातच असते. मोजे अन् चप्पल घातली की बाहेर जात नाही. मंग बाबानं हात लावला की झटका या भागाले बसते अन् तो मरते. बाबाले काहीच होत नाही."

भाऊने आपल्या मोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे शॉक मी देतो?"

"हो. तुम्ही."

त्याची भीती कमी झाली नाही. पण आता तो पलंगावरच्या त्या भागांकडे बघून घाबरत होता, वाटेत पोर आलं की गाडीवाला घाबरतो तसा. त्याने चप्पल काढली. मोजे काढायला जास्त वेळ लागला. बोटं पत्र्याला टेकवताना त्याने डोळे मिटले, आणि मीही मिटले. काही झालं नाही.

प्रोसेसरचा खटका दाबताना असा करकर आवाज झाला की आमचा सगळ्यांचा जीव खालीवर झाला. असा आवाज होतोच, असं गुंजनने सांगितलं, पण तिचाही आवाज बारीक झाला होता. मग प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर पेस्ट लावायची होती.

"तांदळाच्या दान्याएवढी," ती म्हणाली.

"कोनता तांदूळ? बारीक चिन्नोर का जाडा?"

गुंजन जो व्हिडिओ बघून हे सगळं शिकली होती, त्यात ते सांगितलेलंच नव्हतं. वाद होऊन जाड्यावर ठरलं.

दुपार कलली तेव्हा जोडून झालं. गुंजनने भिंतीवरचं बटन सुरू केलं आणि कॅबिनेटचं दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पोरगी कॅबिनेटमध्ये डोकावली. "कार्ड मेलं का, बाबा?" आता हा माणूस जन्मात कशाला हात लावायचा नाही, असं मला वाटलं.

भाऊने वाकून मागे पाहिलं. कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायला, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्याला, मागच्या बाजूला स्वतःचं एक बटन असतं, वायरीला अगदी खेटून. तेच बंद राहिलं होतं.

"सरक, मी करतो," म्हणून तो पुढे झाला. आता भिंतीवरचा सप्लाय सुरू होता आणि हा अनवाणी होता. मी त्याचा शर्ट धरला. "भाऊ, नको. मी दाबते."

"सोड वो."

त्याने हात मागे घातला. नखं पत्र्यावर तडतड वाजली. खट् झालं. गुंजनने पुन्हा समोरचं बटन दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं उमटली, पोरगी किंचाळली आणि वहिनीने पदर तोंडाला लावला.

पडदा न बघताच भाऊ घराबाहेरच्या छपरीत जाऊन बसला. मी पाणी घेऊन गेले, तर त्याला पेला धरवेना. मीच पाजलं.

"तुह्या शेजारची रुखमा मोटार बंद हाये म्हनत होती ना?" तो म्हणाला. "सांग तिले, उद्या येतो. फक्त बटनापाशी तू उभी राह्य. दुसऱ्या कोनाले उभं नको करू."