पडद्याबाहेरची खुर्ची

भोकरदनच्या आठवडी बाजारात, बसस्टँडजवळच्या हॉटेलातली भजी मला आवडतात. एवढ्याच गोष्टीचा घरात केवढा बोभाटा झाला!

कित्येक वर्षं मी शाळेत पोरांची खिचडी शिजवली. घरचं रांधणं वेगळंच. भजी तळण्यात जन्म गेला, पण माझ्या वाट्याला कायम शेवटचा गार घाणा. मालक वारले, त्यानंतर पहिल्यांदा एकटी बाजाराला गेले. पाय दुखले म्हणून त्या हॉटेलात टेकले आणि एक प्लेट मागवली. दुसऱ्यानं तळलेली भजी, मीठ लावलेली मिरची, आणि मी खुर्चीवर बसलेली. पहिल्याच घासाला तोंड पोळलं. इतकं सुख वाटलं की मी सगळी प्लेट एकटीनं संपवली.

हॉटेलवाला म्हणाला, "मावशी, आत फॅमिली रूममध्ये बसा. लेडीज तिकडंच बसतेत."

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा आडोसा. तेलकट पडदा, पंखा बंद, समोर हात धुवायचं बेसिन.

"मला बाजार बघत खायचंय," मी म्हटलं, आणि दर बाजाराला पडद्याबाहेरच बसू लागले.

एकदा थोरल्या दिरांनी पाहिलं. संध्याकाळी मुलगा समोर उभा.

"आई, तू हाटेलात एकटी बसून खाऊन राह्यली म्हणं? मोठे काका म्हणले, बाप जाऊन वरीस न्हाई झालं. लोकं हसतेत."

"हसू दे."

"तुला भजेच पाहिजेत ना? मंग मी पार्सल आणत जातो. तू बाजारात जाऊच नको."

मुलगा वाईट नाही. त्याला खरंच वाटलं, प्रश्न भज्यांचा आहे. दोन बाजार त्यानं पार्सल आणलं. कागदात वाफ धरून भजी मऊ पडलेली. मी ती ओट्याजवळ उभ्यानं खाल्ली आणि मला माझाच संताप आला. आता हे एवढंही गेलं, तर मग राहिलं काय?

तिसऱ्या बाजाराला पिशवी घेऊन निघाले.

"पार्सल आणतो म्हणलं ना!" मुलगा ओरडला.

"तूच खा ते. मला बसून खायचंय."

हॉटेलात पुढच्याच टेबलाशी थोरले दीर चहा घेत बसलेले. हॉटेलवाल्यानं घाईघाईनं माझ्यासाठी पडदा बाजूला धरला. लग्न झाल्यापासून या माणसासमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते.

"आत जाऊन बस," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मी त्यांच्याच टेबलाची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले.

"दादा, तुमच्या भावानं दर बाजाराला इथं भजे खाल्ले. मला एकदाबी आणलं न्हाई."

हे मी मालक असताना त्यांनाही कधी बोलले नव्हते. आता आवाजही खाली केला नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली.

"एक प्लेट आणा. मिरच्या जास्ती."

दिरांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. माझी पहिली प्लेट संपेपर्यंत ते रस्त्याकडे बघत बसले. मी दुसरी मागवली, तेव्हा उठून गेले. त्यांची खुर्ची जवळ ओढून मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली.